लाईट गेल्यावर वाजणारा बेंजो

माझ्या लग्नात नवरदेव घोड्यावरून खाली उतरला होता. रुसून नव्हे. वरातीत बेंजोवाला पोरगा चाल चुकवत होता, ते नवरदेवाला सहन होईना. फेट्यासकट, हारासकट उडी मारून हा गडी वाजंत्र्यांच्या गाडीपाशी गेला, पोराच्या गळ्यातला बेंजो काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि वाजवत वाजवत मांडवापर्यंत आला. घोडा रिकामाच पुढं. माझी मावशी म्हणाली, "बाई गं, घोड्याशी लग्न लावायचं की वाजंत्र्याशी?" मी आतून खिडकीतून बघत होते. मला तर तिथंच तो माणूस आवडून गेला. आणि खरं सांगते, त्याच्यापेक्षा थोडा जास्त तो बेंजो आवडला.

आमची कॉलनी नाशिकरोडच्या बाजूला. बहुतेक घरं बौद्ध, कुणी कारखान्यात, कुणी शाळेवर, कुणी कचेरीत. आमचे हे तहसील कचेरीत टायपिस्ट. दिवसभर खटखट कागदावर, संध्याकाळी खटखट बेंजोवर. ज्यांनी बेंजो बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि डाव्या हाताला टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानं तार छेडायची. तारांच्या खाली आवाज पकडणारा पिकअप, तिथून वायर अॅम्प्लिफायरला, आणि तिथून भोंग्याला. विजेवर चालणारं संगीत म्हणजे काय, हे आमच्या कॉलनीला पहिल्यांदा त्या भोंग्यानं शिकवलं. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाला आणि कुणी दहावी पास झालं तरी भोंगा बोलायचा.

ह्यांच्या बेंजोची बटणं मात्र खरोखरच टाइपरायटरची होती. कचेरीतली मराठी मशिनं भंगारात निघाली तेव्हा ह्यांनी अक्षरं असलेल्या टोप्या मागून आणल्या आणि बेंजोच्या बटणांवर चिकटवल्या. जी हाताला लागली ती. त्यामुळं त पहिला, मग क, मग म, मग कुठं तरी ग. ह्यांना सारेगम येत नव्हतं, अजूनही येत नाही. ह्यांची बेंजो पार्टी होती, तिच्यातल्या पोरांना ते चाल अक्षरांनी सांगायचे, "त त क, म क त, आता ग धरून ठेव." कॉलनीत रस्त्यानं जाणारी पोरंसुद्धा तोंडानं "त त क" करत जायची. आमच्या मुलीला मी पाळण्यात झोपवलं तेही त्याच अक्षरांवर. दुसऱ्यांच्या घरात अंगाई, आमच्या घरात टायपिंगची परीक्षा!

आता आत्याबाईंबद्दल. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई निफाडकडच्या खेड्यातल्या, द्राक्षाच्या मळ्यात आयुष्य काढून नाशिकला आलेल्या. बोलणं कमी आणि जे बोलतील ते दगडासारखं. लग्नाला दोनेक महिने झाले असतील, पार्टीची तालीम संपून पोरं चहा प्यायला बाहेर बसली होती आणि बेंजो पलंगावर तसाच पडला होता, वायर लावलेला, अॅम्प्लिफायर चालू. मी चहाचा ट्रे ठेवला, बेंजो हळूच उचलला आणि तारेला बोट लावलं, एवढंच. दारातून आवाज आला, "ठेव ते खाली! हात लावायचा नाय त्याला!"

मी अशी घाबरले की बेंजो हातातून पडायचाच बाकी होता. सगळी पोरं आत डोकावून बघायला लागली. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनात म्हटलं, झालं, कळलं. सुनांनी चहा करायचा, बेंजो पुरुषांनी वाजवायचा. त्यानंतर वर्षानुवर्षं तालमीला मी चहा दिला, भजी दिली, पोरांच्या भांडणात पंच झाले, कुठली चाल कुठं पडते ते ह्यांच्याआधी मला कळायला लागलं. पण हात लावला नाही. एक मात्र डोक्यात जाऊन बसलं होतं, आणि ते काही केल्या निघेना. आपण वाजवलेलं एकदा, फक्त एकदाच, त्या भोंग्यातून ऐकायचं. सोन्याच्या पाटल्या नकोत, महाबळेश्वर नको. भोंगा हवा.

मग कीबोर्ड आले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका बटणावर बासरी, एकावर सनई, आणि एक बटण दाबलं की चक्क बेंजोचा आवाज. पार्टीतल्या पोरांनी ह्यांना ते दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "वा! आता मान दुखायची नाही." असा माणूस. रडारड नाही, काही नाही, महिन्याभरात स्वतःच कीबोर्ड शिकले. कचेरीत टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, तेही तसेच शिकले. बेंजो जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेला. दुःख झालं असेल तर ते मला.

आणि मग लोडशेडिंग सुरू झालं. त्या वर्षांत ज्यांनी नाशिकमध्ये संसार केला त्यांना मी काय वेगळं सांगणार! संध्याकाळी स्वयंपाकाच्या ऐन वेळेला लाईट जायची ती तासन् तास. लाईट गेली रे गेली की आत्याबाई उठायच्या. "चला बाहेर, वट्ट्यावर चला, आत कोंडतं." सासऱ्यांना उठवायच्या, आमच्या मुलीला उठवायच्या, शेजारची पोरं आमच्याकडंच पडीक असायची त्यांनाही हाकलायच्या. हे तर तालमीलाच असायचे, कीबोर्ड आल्यापासून ती विहारात जनरेटरवर व्हायची. सगळी वरात बाहेर आणि मी एकटी मागच्या स्वयंपाकघरात, मेणबत्तीच्या उजेडात कणीक मळत. आत्याबाई स्वतः उंबऱ्यावर बसायच्या, दार अडवून. मुलीला पाणी हवं असलं तरी आत सोडायच्या नाहीत, "आत अंधार हाय, ठेचकाळशील, दम धर" म्हणायच्या. उन्हाळ्यात ठीक आहे हो. पण थंडीत? नाशिकची थंडी काय चेष्टा आहे! डिसेंबरातसुद्धा शाल गुंडाळून ही बाई उंबऱ्यावर. मी पोळ्या लाटता लाटता पुटपुटायचे, "हवा खायची हौस बघा, सून मेली तरी चालेल अंधारात."

पण मग लक्षात आलं, की घर रिकामं आहे. आणि बेंजोला वीज लागते ती भोंग्यापुरती. वीज नसली तरी तारा वाजतातच, फक्त बारीक, दाराबाहेर जाणार नाहीत इतक्या. एके दिवशी डाळ शिजत ठेवली, स्टुलावर चढले आणि चादर सोडली. जमिनीवर मांडी घालून बसले आणि "त त क" दाबलं. हळदीच्या दिवशी वाजायची ती आमची चाल. काय सांगू, अंगावर काटा आला. मेणबत्ती ओट्यावर, बेंजो खाली अंधारात, अक्षरं दिसायचीच नाहीत. पण अक्षरं कुठं आहेत ते मला लग्नापासून पाठ होतं, बोटांनी आपोआप जागा शोधल्या. पहिला हिवाळा नुसता चुकण्यात गेला. दुसऱ्या वर्षी चाल बसली. लाईट यायच्या आत बेंजो कपाटावर, पोळ्या डब्यात, मी साळसूद. अळीमिळी गुपचिळी! कुणाला सुगावासुद्धा नाही, असं मी समजत होते.

अशी काही वर्षं गेली. मग कॉलनीत ती टूम निघाली. झालं असं, की दर जयंतीला डीजेच्या भिंती वाढत चालल्या होत्या. छाती धडधडायची, तान्ही पोरं किंचाळायची, म्हातारी माणसं कानात बोळे घालून घरात बसायची. महिला मंडळाच्या बैठकीत एकजण वैतागून म्हणाली, "आपला भोंगा होता तेव्हा पाळण्यातलं पोर झोपायचं हो!" सगळ्या हसल्या, पण विषय निघाला तो निघालाच. विहारासमोरच्या मैदानात एक दिवस करायचा. सकाळी, उन्हात, पोराबाळांसकट. आपल्या कॉलनीनं आजपर्यंत विजेवर जे जे वाजवलं ते सगळं बाहेर काढायचं, मांडायचं, वाजवायचं, आणि पोरांना हात लावू द्यायचा. हात लावू द्यायचा, हे कलम मी घातलं. जेवायला मिसळ. पिऊन आलेल्याला गेटवरूनच परत. हे कलम सगळ्यांनी मिळून घातलं.

घरोघरच्या माळ्यांवरून काय काय उतरलं! एकाकडं आवाज घुमवणारी जुनी एको मशीन, तिच्यात टेपची पट्टी गोल गोल फिरायची. एकाकडं ठेका देणारी पेटी, तिला एकच ठेका यायचा आणि तोही थोडा लंगडा. हातानं बनवलेले अॅम्प्लिफायर, पत्र्याचे भोंगे, पहिला छोटा कीबोर्ड ज्याच्या अर्ध्या पट्ट्या पोरांनी खेळून तोडल्या होत्या, काठीनं बडवायचं पॅड. हे तर आठ दिवस वेडेच झाले होते, कचेरीतून यायचे ते सोल्डरिंग घेऊन बसायचे. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "सगळं झालं बघ. फक्त बेंजो वाजवायला माणूस नाही. मी कीबोर्डवर हवा, दोन्ही एकत्र ऐकवायचंय, जुनं आणि नवं. आणि ह्या पोरांना बेंजो धरताही येत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी वाजवते."

ह्यांचा घास हातात तसाच. "तुला कधीपासून येतो?"

"लोडशेडिंगपासून."

आत्याबाई तेव्हा पलीकडच्या खोलीत झोपल्या होत्या, नाहीतर मी बोललेच नसते. ह्यांनी लगेच बेंजो काढला, मी हळदीची चाल हळू आवाजात वाजवून दाखवली. ह्यांनी मांडीवर ठेका धरला. मग म्हणाले, "अगं, इतकी वर्षं मी बाहेर माणूस शोधतोय आणि घरात तू!" मला रडूच आलं. पण आत्याबाईंना सांगायचं कुणी? हे म्हणाले तू सांग, मी म्हटलं तुम्ही सांगा. शेवटी कुणीच सांगितलं नाही. मी मनाशी ठरवलं, एकदा भोंग्यातून ऐकते, मग काय बोलायचं ते बोलू देत.

रविवार उजाडला. फेब्रुवारीतलं कोवळं ऊन, मैदानात सतरंज्या, मिसळीच्या तर्रीचा वास, आणि टेबलांपुढं पोरांच्या रांगा. एको मशीनपुढं तर मारामारी. प्रत्येकाला माइकमध्ये स्वतःचं नाव ओरडायचं आणि ते पाच वेळा परत ऐकायचं. एक आजोबा रांगेत दोनदा लागले. आत्याबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या, हातात घरचा लाकडी पाट. गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही म्हणून आणला असेल, असं मला वाटलं. पण बसल्या त्या खुर्चीवरच आणि पाट मांडीवर घेऊन बसल्या.

माझी पाळी आली. हे माइकवरून म्हणाले, "आता बेंजो. वाजवणार आहेत आमच्या सौभाग्यवती." मग कुणीतरी बाईनं शिट्टी मारली. मी स्टेजवर गेले, पायाला घाम, चपला खालीच काढलेल्या. खुर्चीवर बसले, बेंजो मांडीवर घेतला, हात ठेवला आणि खाली बघितलं.

क, ख, ग, घ.

मला आधी कळेचना. बटणांवरच्या टोप्या चकाचक, आणि सगळ्या शाळेतल्या तक्त्यासारख्या ओळीनं लावलेल्या! आमच्या मुलीनं आणि तिच्या मैत्रिणींनी आदल्या दिवशी सगळी वाद्यं पुसायला घेतली होती. टोप्या काढल्या, साबणाच्या पाण्यात घातल्या, टूथब्रशनं घासल्या, आणि परत लावताना बघतात तर अक्षरं अस्ताव्यस्त. टायपिस्टाची पोर ना आमची! लहान मुलं बघायला येणार, त्यांच्यापुढं चुकीचा क्रम कसा ठेवायचा, म्हणून मुळाक्षरांप्रमाणं लावून टाकल्या. काही अक्षरं कमी पडली ती रंगानं काढली. हे अक्षराकडं बघत नाहीत, त्यामुळं सकाळी तारा लावताना ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

ह्यांनी कीबोर्डवर सूर दिला. मी त शोधायला गेले तर त भलतीकडं, टोकाला. दाबला आणि छेडला. भोंग्यातून असा काही आवाज आला की पहिल्या रांगेतलं पोर दचकून आईला बिलगलं. सगळं मैदान हसलं. परत सुरुवात. बोट जुन्या जागेकडं जायचं, डोळे म्हणायचे इथं त नाही बाई, इथं क आहे. आणि बोट थांबायचं. दुसऱ्यांदा चुकलं, तिसऱ्यांदा चुकलं. हे कीबोर्डवरून कुजबुजले, "अगं काय झालं?" ज्या भोंग्यासाठी मी एवढी वर्षं झुरले, तो माझ्याच चुका अख्ख्या कॉलनीला वाढत होता. वाटलं, ठेवावा हा बेंजो खाली आणि जावं मिसळीपाशी.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. पाट काखेत घेऊन तरातरा स्टेजवर आल्या. मी म्हटलं, संपलं. सगळ्या कॉलनीसमोर ठेव ते खाली म्हणणार. त्या आल्या, वाकल्या, आणि पाट माझ्या पायांखाली सरकवला.

"पाय वर घे. अनवाणी बसली येडी. शॉक लागंल."

मी पाय पाटावर घेतले.

"आन् खाली काय बघतीस? लाईट गेल्यावानी वाजव की! डोळं मिट."

समोर माइक होता. हे सगळं भोंग्यातून कॉलनीभर गेलं. ह्यांनी चकित होऊन विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

"मंग! ह्या अॅम्प्लिफायरनं तुलाच एकदा पाडलं व्हतं, तवापासून माझा जीव उडतो. तवा लाईट चालू व्हती, म्हनून वराडले म्या हिला. लाईट गेल्यावर वाजवती तर वाजवू दे की. सगळ्यास्नी वट्ट्यावर मी काय हौशीनं बसवीत व्हते? घरात गर्दी असली तर ही हात लावंल का त्याला?"

मैदानात कुणी हसलं नाही. मला एकदम तो आमचा उंबरा दिसला. दारात आडव्या बसलेल्या, शाल गुंडाळलेल्या, कुणालाही आत न सोडणाऱ्या आत्याबाई. आणि मी आत पोळ्या लाटत त्यांना हवा खायची हौस म्हणून बोल लावत होते! त्या मात्र खुर्चीत जाऊन बसल्या आणि हातानंच म्हणाल्या, चालू दे.

मी डोळे मिटले. बोटांनी जागा धरल्या. त त क, म क त. आणि ऐकलं. स्वयंपाकघरात जी चाल डाळीच्या वाफेपलीकडं जात नव्हती, ती विहाराच्या भिंतीवर जाऊन परत येत होती. मागून ह्यांचा कीबोर्ड आला, कुणीतरी पॅडवर ठेका धरला, बायका उठल्या, हळदीला नाचतात तशा नाचायला लागल्या, पोरं मधून पळत होती. मला काही दिसत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. आयुष्यात इतकी सुखी मी फार कमी वेळा झाले आहे.

संपल्यावर टाळ्या, शिट्ट्या, मुलगी गळ्यात पडून "मम्मी सॉरी, सॉरी" म्हणत होती. मी तिला म्हटलं, आधी मिसळ आण. आत्याबाईंपाशी गेले, पाया पडले. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याला चुकली."

"चुकले का?"

"रोजच चुकतीस."

संध्याकाळी घरी आलो. सतरंज्यांची धूळ अंगावर, सगळे दमलेले, आणि नेहमीच्या वेळेला लाईट गेली. आत्याबाई सवयीनं उठल्या, शाल घेतली, सासऱ्यांना हाक मारली, "चला वट्ट्यावर." मी मेणबत्ती लावली आणि त्यांच्या आडवी उभी राहिले. म्हटलं, "आत्याबाई, आज आतच बसा ना. सगळेच बसा."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कपाटावरच्या बेंजोकडं. मग शाल काढली, तिची घडी घातली, आणि स्वयंपाकघरात तोच पाट मांडून भिंतीला टेकून बसल्या.

"बरं झालं बाई," म्हणाल्या. "लय गार असायचं बाहेर."